प्रोग्रामिंग आणि एआय शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत किंवा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराची जोड लागते तिथं त्याचा क्रमांक दिला आहे. जवळपास सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: विद्यार्थ्याला कोड आधी वाचता यावा, मग लिहिता. कोड लिहून देणारी साधनं हाताशी आल्यापासून हा आग्रह आणखी पक्का झाला आहे.

१. आम्ही टायपिंग, स्प्रेडशीट, प्रेझेंटेशन शिकवतो. संगणकशास्त्र यापेक्षा वेगळं ते काय?

तो संगणकाचा वापर झाला. उपयोगी आहे, पण वेगळा विषय आहे. फरक स्प्रेडशीटच्याच तासाला दाखवता येतो. बेरजेचं सूत्र टाकायला सांगितलं तर तो वापर. "सूत्र खाली ओढल्यावर सेलचा पत्ता का बदलला, आणि डॉलरचं चिन्ह लावल्यावर का बदलला नाही?" असं विचारलं की संगणकशास्त्र सुरू झालं.

२. सुरुवात ब्लॉकनं करावी की थेट पायथन या टाइप करायच्या भाषेनं?

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना स्क्रॅचसारखे ब्लॉक (पडद्यावर ओढून एकमेकांत बसवायचे तयार आदेश) द्या. स्पेलिंग आणि कंस यांत न अडकता त्यांना क्रम, लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं), अट यांवर लक्ष देता येतं. मोठ्या मुलांबाबत फरक वाटतो तेवढा मोठा नाही. डेव्हिड वाइनट्रॉप आणि युरी विलेन्स्की यांनी हायस्कूलच्या मुलांचे दोन गट केले. पाच आठवडे एका गटाला ब्लॉक, दुसऱ्याला टेक्स्ट (टाइप करायचा कोड). नंतर दोघांनाही दहा आठवडे जावा ही टेक्स्टची भाषा. पाच आठवड्यांनंतर ब्लॉकवाले पुढे होते, जावाचे दहा आठवडे झाल्यावर मात्र तो फरक उरला नाही. म्हणजे ब्लॉकमुळे मुलं "बिघडत" नाहीत, आणि केवळ ब्लॉकमुळे कायमची आघाडीही मिळत नाही.

ब्लॉककडून टेक्स्टकडे जाताना नवी संकल्पना आणि नवी लिपी एकाच तासाला आणू नका. मुलांनी स्क्रॅचमध्ये स्वतः केलेला प्रोग्रॅमच पायथनमध्ये उतरवायला द्या. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. पहिले दोन आठवडे इंडेंटेशन (ओळीच्या आरंभी सोडायची मोकळी जागा), कोलन आणि लहान-मोठी अक्षरं यांवरच अडायला होतं. तो वेळ वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.

३. शिकवताना सगळे माना डोलावतात, पण कोरा एडिटर समोर आला की हात थांबतात. असं का?

कारण वाचणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि आपण पहिलं गाळून दुसऱ्यावर उडी मारतो. २००१ साली मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटानं चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, पहिला प्रोग्रामिंग अभ्यासक्रम झाल्यावर, गणिती पदावलीची किंमत काढणारा प्रोग्रॅम लिहायला दिला. ११० पैकी सरासरी गुण २३ च्या आसपास आले. २००४ साली रेमंड लिस्टर यांच्या गटानं सात देशांत उलट्या बाजूनं पाहिलं: लिहायला काहीच नाही, छोटा कोड वाचून त्याचा निकाल ओळखायचा किंवा गाळलेली ओळ निवडायची. तिथंही पुष्कळ जण अडखळले. ज्याला दुसऱ्याचे आठ ओळींचे हिशेब मनात चालवता येत नाहीत, त्याच्याकडून स्वतःच्या वीस ओळींची अपेक्षा धरणं अन्याय आहे.

यावर सगळ्यात उपयोगी पडतो तो सू सेन्टन्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेला पाच पायऱ्यांचा क्रम: अंदाज, चालवणं, तपास, बदल, निर्मिती. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात तो असा बसतो. आठ-दहा ओळींचा चालणारा प्रोग्रॅम कागदावर द्या. पहिली पाच मिनिटं जोडीनं अंदाज लिहायचा, संगणकाला हात नाही. मग प्रोग्रॅम चालवून अंदाज ताडून पाहायचा. पुढची पंधरा मिनिटं तपास: ही ओळ काढली तर काय होईल, ही संख्या ऋण आली तर, या दोन ओळींची अदलाबदल केली तर. उरलेल्या वेळात छोटे बदल. कोऱ्या पानावरची निर्मिती पुढच्या तासाला.

यात नेहमी फसते ती पहिली पायरी. मुलं आधी चालवतात आणि मग "अंदाज" लिहितात. म्हणून कोड फाईलमधून न देता कागदावर किंवा फळ्यावर द्या, अंदाज लिहून झाल्यावरच फाईल उघडा. अंदाजाला गुण देऊ नका. गुण दिले की मुलं चुकायला घाबरतात, आणि आपल्याला तर चुकलेलाच अंदाज पाहायचा असतो.

४. ट्रेस टेबल नेमकं कसं करून घ्यायचं?

ट्रेस टेबल म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीनं चालताना किमती कशा बदलतात त्याचा तक्ता. प्रत्येक व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) एक रकाना, प्रत्येक ओळीला एक आडवी रांग, आणि छापलेल्या उत्तरासाठी शेवटचा रकाना. ओळ पार पडली की त्या रांगेत त्या क्षणाच्या किमती लिहायच्या. जुनी किंमत खोडायची नाही, नवी खालच्या रांगेत येते. सुरुवातीला चार ओळी पुरतात:

अ = ५
ब = अ
अ = अ + २
ब छापा

उत्तर ५. "७" म्हणणारे बरेच निघतील, आणि त्यांच्या डोक्यात काय चाललं आहे ते इथं उघड होतं: बरोबरचं चिन्ह ते गणितातल्यासारखं वाचतात, म्हणजे एकदा ब आणि अ सारखे झाले की कायमचे सारखे. टेबल भरताना दुसऱ्या रांगेत ब खाली ५ लिहिला जातो आणि तिसऱ्या रांगेत त्याला बदलणारं काहीच नसतं. समजावून सांगण्यापेक्षा हे जास्त लवकर पटतं.

लूप सुरू झाला की एक फेरी म्हणजे रांगांचा एक गठ्ठा, आणि दोन गठ्ठ्यांमध्ये जाड रेघ. तीन फेऱ्यांहून जास्त करून घेऊ नका, हात दुखतात आणि डोकं बंद पडतं.

५. विद्यार्थ्यांच्या कुठल्या चुकीच्या समजुती पुन्हा पुन्हा दिसतात?

प्रश्न ४ मधली "अ आणि ब"ची समजूत सर्वांत व्यापक. त्याखालोखाल या दिसतात:

- व्हाईल लूपची (अट खरी असेपर्यंत फिरणाऱ्या लूपची) अट खोटी झाली की लूप त्याच क्षणी सुटतो असं वाटतं. खरं तर अट फेरीच्या सुरुवातीलाच तपासली जाते. उरलेल्या ओळी पार पडतातच.
- छापणं आणि परत देणं एकच वाटतं. फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) पडद्यावर उत्तर दाखवतं, पण ते उत्तर पुढच्या हिशेबात वापरायला गेलं की पायथनमध्ये "नन" (म्हणजे काहीच नाही) हाती येतं.
- व्हेरिएबलच्या नावाचा अर्थ संगणकाला कळतो असं वाटतं. "मोठी_संख्या" नाव दिलं म्हणजे तिच्यात आपोआप सर्वांत मोठी संख्या येईल, ही अपेक्षा.

शेवटचीचं मूळ खोल आहे. रॉय पी यांनी १९८६ सालीच नोंदवलं होतं की नवशिका विद्यार्थी संगणकात आपला हेतू ओळखणारं मन गृहीत धरतो. एआयशी बोलायची सवय लागल्यावर ही समजूत आणखी घट्ट होते, म्हणून तिच्यावर मुद्दाम वेळ घालवा: नावं बदलून तोच प्रोग्रॅम चालवून दाखवा, "मोठी_संख्या"ला "केळं" करा, उत्तर तेच येतं.

अशा समजुती हुडकण्यासाठी तासाला एक बहुपर्यायी प्रश्न पुरतो. आधी एकट्यानं मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. पहिल्या फेरीत जवळपास सगळेच बरोबर आले तर प्रश्न सोपा होता. दर तिघांत एकालाही जमला नाही तर चर्चेतून काही निघणार नाही, थांबून स्वतः समजावा.

६. कोड लिहायला सांगण्याआधी मधली काही पायरी आहे का?

आहे: विस्कटलेल्या ओळी. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी सुट्या करून, उलटसुलट क्रमानं द्यायच्या आणि जुळवायला सांगायचं. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली हा प्रकार मांडला. बार्बरा एरिक्सन यांच्या गटाला २०१७ साली आढळलं की तेवढंच शिकणं कोड लिहिण्यापेक्षा कमी वेळात होतं. कागदाच्या पट्ट्यांवरही चालतं. एक-दोन फसव्या पट्ट्या घाला (एकीत "पेक्षा लहान", दुसरीत "पेक्षा लहान किंवा समान"), पण त्याहून जास्त नको. आणि दोन वेगळे क्रम बरोबर ठरत नाहीत ना, हे आधी तपासा, नाहीतर बरोबर उत्तराला चूक दिली जाते.

७. एरर मेसेज दिसला की मुलं हात वर करतात. त्यांना स्वतः वाचायला कसं लावायचं?

क्रम ठरवून द्या: पायथनमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, मग ओळ क्रमांक, मग ती ओळ, आणि तिथं काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ. न मिटलेल्या कंसाचा दोष पूर्वी बहुतेक वेळा पुढच्या ओळीवर दाखवला जायचा, ३.१० आवृत्तीपासून कंस मिटला नसल्याचं पायथन थेट सांगतो, त्यामुळे लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर बदला. बाकी दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत आणि तास खातात: वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं, आणि टॅब व स्पेस यांची सरमिसळ.

८. संगणक कमी आहेत, किंवा नाहीतच. तरी शिकवता येईल?

कमी असतील तर जोडीनं बसवा. एक टाइप करतो, दुसरा पुढचं सांगतो आणि चुका पकडतो. दर दहा मिनिटांनी अदलाबदल, आणि ती घड्याळ लावूनच. अदलाबदल मुलांवर सोडली तर ज्याला जास्त येतं त्याच्याच हातात कीबोर्ड राहतो.

संगणक नसताना करायच्या खेळांचा मोठा साठा न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि सहकाऱ्यांनी तयार केला आहे. त्यातला एक नक्की करून पाहा. विद्यार्थ्याला दोन बाजूंना वेगळे रंग असलेली २५ कार्डं पाच बाय पाचमध्ये हवी तशी मांडायला सांगा. "थोडं अवघड करू" म्हणत तुम्ही सहावा रकाना आणि सहावी रांग जोडा, पण अशी की प्रत्येक रांगेत आणि रकान्यात एका ठरावीक रंगाच्या कार्डांची संख्या सम होईल. पाठ फिरवा आणि कुणाला तरी एक कार्ड उलटं करायला सांगा. ज्या रांगेत आणि ज्या रकान्यात संख्या विषम झाली, त्यांच्या छेदावर ते कार्ड असतं. मग विचारा: दोन कार्डं उलटली तर? चूक झाली हे कळतं, पण नेमकी कुठं ते खात्रीनं सांगता येत नाही. चूक ओळखणं आणि चूक दुरुस्त करणं यांतला फरक मुलांच्या हातून सिद्ध होतो.

९. "याच्या डोक्यातच प्रोग्रामिंग नाही" असं काही असतं का?

उपजत "प्रोग्रामिंगचा मेंदू" दाखवणारा भक्कम पुरावा नाही. सुरुवातीच्या एका चाचणीवरून कोण पास होईल हे ओळखता येतं, असा दावा करणारा एक लेख २००६ मध्ये खूप फिरला. त्याच्या लेखकांपैकी रिचर्ड बोर्नॅट यांनी २०१४ साली तो जाहीरपणे मागे घेतला. बेनेडसन आणि कॅस्परसन यांच्या २००७ च्या पाहणीत पहिल्या प्रोग्रामिंग अभ्यासक्रमात सरासरी ६७ टक्के विद्यार्थी पास होताना दिसले. या विषयात प्रत्येक धडा आधीच्या धड्यावर उभा असतो, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात मागे पडलेला आठव्यात "ढ" दिसतो. त्याला प्रश्न ४ मधल्या टेबलावर परत न्या.

१०. एआय कोड लिहून देतो. मग प्रोग्रामिंग शिकवायचंच कशाला?

सुरुवातीच्या अभ्यासक्रमातले प्रश्न एआय सोडवतो, हे खरं आहे. २०२२ सालच्या एका अभ्यासात कोडेक्स या मॉडेलला पहिल्या अभ्यासक्रमाचे खरे परीक्षाप्रश्न दिले. ७१ विद्यार्थ्यांच्या तुलनेत त्याचा क्रमांक सतरावा आला. आजची मॉडेल्स त्याच्या पुढे आहेत.

पण आलेला कोड बरोबर आहे हे ठरवणारं कुणीतरी लागतं. एलियट सोलोवे यांचा १९८० च्या दशकातला प्रसिद्ध पावसाचा प्रश्न घ्या: ९९९९९ येईपर्यंत पावसाच्या नोंदी वाचा, ऋण नोंदी सोडा, सरासरी छापा. चालेलसा कोड लगेच मिळतो. पहिलीच नोंद ९९९९९ आली तर शून्यानं भागाकार होतो का, शून्य पाऊस असलेला दिवस सरासरीत धरला आहे का, हे विचारायला कोड वाचता यावा लागतो. शिवाय एआय कधी अस्तित्वात नसलेलं फंक्शन वापरतो, कधी लायब्ररीच्या (तयार कोडच्या संग्रहाच्या) जुन्या आवृत्तीचा कोड देतो, आणि दोन्ही वेळा तेवढ्याच आत्मविश्वासानं.

११. चॅटबॉट विद्यार्थ्यांना कधी वापरू द्यावा?

तीस-चाळीस ओळींचा प्रोग्रॅम वाचून समजावता येईपर्यंत उत्तर लिहून देणारं साधन देऊ नका. याचा धोका मोजला गेला आहे. तुर्कस्तानात जवळपास हजार हायस्कूल विद्यार्थ्यांवर गणिताच्या सरावाचा प्रयोग झाला. साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण तो काढून घेतल्यावर परीक्षेत ते चॅटबॉट कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. थेट उत्तर न देता सूचना देणारा, शिक्षकांच्या सल्ल्यानं बांधलेला चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचं हे नुकसान जवळपास टळलं. विषय गणिताचा असला तरी प्रोग्रामिंगच्या सरावालाही हेच लागू पडेल असं आम्हाला वाटतं.

म्हणून वापरायचाच तर बांधून द्या. आरंभीच्या सूचनेत चार गोष्टी लिहा: पूर्ण कोड देऊ नकोस, आधी विद्यार्थ्याचा प्रयत्न माग, एका वेळी एकच इशारा दे, वर्गात न झालेल्या गोष्टी वापरू नकोस, आणि झालेल्यांची यादी सोबत जोडा. हार्वर्डच्या सीएस५० अभ्यासक्रमानं २०२३ पासून अशाच धर्तीचा मदतनीस वापरला आहे. विद्यार्थी या सूचना गोड बोलून मोडतात, हे धरून चाला. खरी चाचणी प्रश्न १३ मध्ये आहे.

१२. असाइनमेंट एआयनं लिहिली आहे हे कसं ओळखायचं?

खात्रीनं ओळखता येत नाही. ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळखयंत्र आणलं. त्यांच्याच आकड्यांनुसार ते एआयचा मजकूर फक्त २६ टक्के वेळा पकडत होतं आणि माणसानं लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला एआयचं म्हणत होतं. त्याच जुलैत ते बंद केलं गेलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या लेखनावर अशी यंत्रं जास्त वेळा खोटा आळ घेतात, हेही २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं. मॉस किंवा जेप्लॅगसारखी साधनं दोन विद्यार्थ्यांच्या कोडमधलं साम्य शोधतात, एआय शोधत नाहीत. ओळखयंत्राच्या टक्केवारीवरून कुणालाही शिक्षा करू नका.

१३. मग गुण कशाला द्यायचे?

जमा केलेल्या फाईलला कमी, तिच्याबद्दल बोलता येण्याला जास्त. पाच मिनिटांची तोंडी पुरते आणि तीन प्रश्नांत चित्र स्पष्ट होतं: या ओळीचं काम काय, रिकामी यादी दिली तर काय होईल, आत्ता, माझ्यासमोर, हा एक बदल कर. तिसऱ्यात खरं-खोटं कळतं. चाळीस जणांची एका दमात घ्यायची तर दोनशे मिनिटं लागतात. म्हणून दर आठवड्याला चिठ्ठी काढून आठ जणांची घ्या. पाच आठवड्यांत चाळीस तोंडी होतात, म्हणजे सरासरी प्रत्येकाची एक. निघालेल्या चिठ्ठ्या परत टाकत राहा, नाहीतर तोंडी झालेले निर्धास्त होतात.

लेखी परीक्षेत चालणारा पण एक चूक असलेला प्रोग्रॅम द्या आणि ती चूक उघडी पाडणारं इनपुट मागा. तिथं पाठांतर कामाला येत नाही.

१४. एआय आतून कसा चालतो हे शाळेत कसं दाखवायचं?

चित्र ओळखणाऱ्या मॉडेलपासून सुरू करा. गूगलचं टीचेबल मशीन ब्राउझरमध्ये चालतं आणि खातं लागत नाही. दोन वर्ग करा, उदाहरणार्थ पेन आणि कात्री, प्रत्येकी चाळीसेक फोटो. पेनाचे सगळे फोटो मुद्दाम पांढऱ्या भिंतीसमोर आणि कात्रीचे सगळे गडद टेबलावर काढा. प्रशिक्षण द्या, मग गडद टेबलावर पेन ठेवा. मॉडेल बहुधा "कात्री" म्हणतं. त्यानं वस्तू नाही, पार्श्वभूमी शिकली. आता मुलांनाच डेटा सुधारायला लावा.

पुढचा टप्पा: कॅमेऱ्यासमोर चप्पल धरा. तरीही मॉडेल "पेन, ९० टक्के" असं काहीतरी ठणकावून सांगतं, कारण दोन वर्गांची टक्केवारी मिळून शंभर व्हावीच लागते आणि "माहीत नाही" हा पर्याय त्याला दिलेलाच नाही. "यांपैकी काही नाही" असा तिसरा वर्ग जोडल्यावर काय सुधारतं आणि काय नाही, ते पाहा. ज्या फोटोंवर शिकवलं त्यांवरच चाचणी घेऊ देऊ नका, आणि मुलांचे चेहरे वापरू नका.

१५. आणि चॅटबॉट? तो तर फार गुंतागुंतीचा आहे.

मुळातली कल्पना कागदावर दाखवता येते. दोनशे-तीनशे शब्दांचा उतारा घ्या, प्रत्येक शब्दानंतर कुठले शब्द किती वेळा येतात याचा तक्ता गटानं करा. मग एक शब्द निवडून, पुढचा शब्द तक्त्यातल्या प्रमाणानुसार चिठ्ठी टाकून काढत जा. वाक्यं तुकड्या-तुकड्यानं बरोबर वाटतात, अर्थ मात्र भरकटतो. खऱ्या मॉडेलमध्ये शब्दांऐवजी शब्दांचे तुकडे असतात, एका मागच्या शब्दाऐवजी हजारो तुकड्यांचा संदर्भ पाहिला जातो, आणि तक्त्याच्या जागी अब्जावधी संख्या असतात. हे तीन फरक सांगायलाच हवेत, नाहीतर "चॅटबॉट म्हणजे नुसती मोजदाद" अशी नवी चुकीची समजूत रुजते.

१६. कोडमधली नावं देवनागरीत लिहिली तर चालतात का? चालवावीत का?

पायथन ३ मध्ये "बेरीज" हे व्हेरिएबलचं नाव चालतं. सयामिंदु दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांना २०१७ मध्ये स्क्रॅचच्या नोंदींत दिसलं की आपल्या भाषेतले ब्लॉक वापरणारी मुलं नवनवे ब्लॉक अधिक वेगानं आत्मसात करतात. नवशिक्यांना हे जरूर करू द्या.

खाचखळगे असे: कोडमध्ये थेट ५ हा देवनागरी अंक लिहिला तर सिंटॅक्स एरर (भाषेचा नियम मोडल्याची चूक) येते, पण कीबोर्डवरून इनपुट म्हणून आलेला देवनागरी ५ पूर्णांकात नीट बदलतो. "मराठी" या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतो, कारण काना आणि वेलांटी तो वेगळे मोजतो. काही कीबोर्ड जोडाक्षरात अदृश्य जोडचिन्ह घालतात. ते नावात आलं की एरर येते, आणि नाव पुसून पुन्हा टाइप केल्याशिवाय ती जात नाही.

१७. वर्गात स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणारा दृष्टिहीन विद्यार्थी आहे. यातलं काय बदलावं लागेल?

ब्लॉक ओढून टाकण्याची वातावरणं टाळा आणि त्याला सुरुवातीपासून टेक्स्ट द्या. पायथनमध्ये इंडेंटेशन ऐकू यावं लागतं: एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ते बोलून किंवा सुरांनी कळवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. त्याचा त्रास झालाच तर आंद्रेआस स्टेफिक यांची क्वोरम ही भाषा पाहा. तिच्यात लूपचा किंवा अटीचा भाग "एंड" या शब्दानं संपतो, मोकळ्या जागेनं नाही. प्रश्न ६ मधल्या पट्ट्या क्रमांक घातलेल्या ओळींच्या टेक्स्ट फाईलमध्ये द्या आणि उत्तर म्हणून फक्त क्रमांकांचा क्रम घ्या. ट्रेस टेबलासाठी स्प्रेडशीट वापरा, कारण तिथं रकान्याचं शीर्षक वाचून घेता येतं. प्रश्न १४ चा प्रयोग चित्राऐवजी आवाजावर करा. टीचेबल मशीनमध्ये ती सोय आहे आणि त्यासाठी आधी वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजाचे नमुने घ्यावे लागतात. पंखा चालू असताना घेतलेल्या नमुन्यांवरचं मॉडेल पंखा बंद केल्यावर चुकू शकतं, म्हणजे पार्श्वभूमीचा धडा इथंही तसाच मिळतो.